काळ्या कातळावरून बर्फाखालच्या प्रावरणाकडे

शुक्रवार : कसारा घाट, इगतपुरी

कसारा घाट संपता संपता मामांनी गाडी रस्त्यापासून चांगली आत, मोकळ्या जागेत घेतली. कल्याणहून निघतानाच मी सांगून ठेवलं होतं, की इथला एक दगड भाचीला दाखवायचाय. मामा पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनिअर. धरणांच्या पायासाठी आयुष्यभर खडक फोडून पाहिलेला माणूस, त्यामुळे दगडासाठी थांबायला त्यांना कारण सांगावं लागत नाही. भाची म्हणजे त्यांची नात, बारावी सायन्सला. ‘प्रावरण म्हणजे पृथ्वीच्या पोटातला उकळता लाव्हा’ हे तिचं मत पक्कं होतं.

दगड काळाच, पण त्यात पांढरट, लांबुडक्या स्फटिकांची दाटी. काही दोन-तीन सेंटीमीटर लांब, काही त्याहून मोठे, चांदण्यांच्या आकारात एकमेकांत गुंतलेले. हे प्लॅजिओक्लेज नावाचं खनिज. सह्याद्रीतल्या बाकीच्या बेसाल्टमध्ये स्फटिक डोळ्यांना जेमतेम दिसतात, इथे ते नखाने चाचपता येतात. एवढे वाढायला त्यांना निवांत वेळ मिळाला होता. शिलारस खालून निघाल्यावर थेट वर आला नाही, भूकवचातल्या एखाद्या कोठीत साठून राहिला, हळूहळू थंड होऊ लागला, स्फटिक वाढले आणि मग तो सगळा ऐवज एकदम बाहेर पडला. इगतपुरी परिसरातला हा थर भूशास्त्रज्ञ खुणेचा थर म्हणून वापरतात. तो सापडला की लाव्हाच्या चळतीत आपण कुठे आहोत ते कळतं.

“म्हणजे हा प्रावरणाचाच दगड ना, आत्या?”

प्रावरणातून आलेला म्हणता येईल, प्रावरणाचा मात्र नाही. प्रावरण घन आहे. आपल्या पायाखाली साधारण ३५ ते ४० किलोमीटर जाडीचं भूकवच, त्याखाली सुमारे २,८९० किलोमीटर खोलीपर्यंत प्रावरण, आणि ते जवळजवळ सगळं घट्ट खडक. पण हा खडक इतका तापलेला असतो, की लाखो वर्षांच्या हिशेबात तो वाहतो. खालून तापलेला भाग वर सरकला की त्याच्यावरचा दाब कमी होतो आणि त्यातला थोडासा अंश वितळतो. आधीच गरम असलेला खडक केवळ ओझं हलकं झालं म्हणून वितळतो, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी त्या दिवशी दुसरं काही वाचू शकले नव्हते. आपला दख्खनचा सगळा काळा पाषाण त्या वितळलेल्या अंशाचा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला असताना तो ज्या तप्त स्रोतावरून सरकला, तो स्रोत आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे.

अशाच मोठ्या स्फटिकांसाठी आणखी एक डोंगर प्रसिद्ध आहे. अंटार्क्टिकातल्या रॉस बेटावरचा माउंट एरेबस, उंची ३,७९४ मीटर. जेम्स क्लार्क रॉसची जहाजं १८४१ च्या जानेवारीत तिथे पोचली तेव्हा बर्फाळ शिखरातून धूर आणि ज्वाळा निघत होत्या. त्याच्या मुखात आजही लाव्हाचं तळं आहे आणि उतारावर फेल्डस्पारचे बोटाबोटाएवढे स्फटिक विखुरलेले सापडतात. प्लॅजिओक्लेज आणि ते फेल्डस्पार एकाच कुळातले. इगतपुरीच्या कोठीत जे घडून कधीच संपलं, ते एरेबसच्या पोटात चालू आहे.

माझं काम याच्याशी जोडलेलं आहे. अंटार्क्टिकाच्या बर्फाखाली जमीन आहे, तिच्याखाली भूकवच आणि त्याखाली प्रावरण. ते किती गरम, किती मऊ, कुठे जाड कवचाखाली दबलेलं, हे भूकंपलहरींवरून शोधायचं. मी तिथे गेलेले नाही. माझ्यापर्यंत येतात त्या नोंदी, म्हणजे आकड्यांच्या लांबच लांब रांगा. त्यांच्यात महिनोन् महिने राहिल्यावर दगडाला हात लावायची फार ओढ लागते, आणि त्यासाठी नाशिकएवढी चांगली जागा मला माहीत नाही.

शनिवार : ब्रह्मगिरी

पहाटे त्र्यंबकला थंडी चांगलीच होती. चहा घेऊन पायऱ्यांना लागलो. माकडं पिशव्यांवर टपलेली, त्यामुळे भाचीने भडंगाचा डबा पोटाशी धरला होता.

ब्रह्मगिरी चढताना लाव्हाचा एकेक थर पायाखालून जातो. थराचा मधला भाग घट्ट, वरचा भाग सच्छिद्र, कारण निवताना वायूचे बुडबुडे वर येऊन अडकले. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा. तो पट्टा म्हणजे मधली विश्रांती. एक लाव्हा येऊन निवला, त्याची झीज होऊन माती झाली आणि मग पुढचा लाव्हा तिच्यावर पसरला. मामांनी धरणाच्या पायात हा पट्टा आला की किती डोकेदुखी व्हायची ते सांगितलं. पाणी तिथूनच झिरपायला बघतं.

दुर्गभांडारकडे उतरणाऱ्या, कातळात खोल खोदलेल्या पायऱ्यांवर आम्ही बराच वेळ काढला. दोन्ही बाजूंना उभा कापलेला बेसाल्ट, अंगावर येणारा. ज्यांनी हा जिना खोदला त्यांच्यामुळे लाव्हाच्या थराचा छेद आपल्याला हातभर अंतरावरून बघायला मिळतो.

वर गोदावरीच्या उगमापाशी नेहमीचे दर्शनाचे लोक होते. एका आजींनी भाचीला विचारलं, “बाई, समुद्र इकडे पश्चिमेला जवळ असताना आपली गंगा उलटी तिकडे कशाला गेली गं?” आजींचा प्रश्न अगदी मूळचा होता. अरबी समुद्र इथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरसुद्धा नाही आणि गोदावरी मात्र १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. भूपृष्ठ पश्चिमेला उचललेलं आणि पूर्वेला कललेलं आहे म्हणून. हा उठाव कसा आला? कीथ कॉक्स या भूशास्त्रज्ञाने १९८९ मध्ये मांडलं, की प्रावरणातून वर आलेल्या तप्त स्तंभाने जमीन घुमटासारखी फुगवली आणि नद्या त्या घुमटावरून बाहेरच्या दिशेने वाहू लागल्या. पश्चिमेचा किनारा फाटल्यानंतर झालेल्या झिजेमुळे कडा उचलली गेली, असं म्हणणारेही आहेत. मला दोन्ही कारणं एकत्र पटतात. पण नदीने कुठल्या समुद्राला मिळायचं हे ठरवण्यात खोल प्रावरणाचा हात असतो, एवढं मी आजींना खात्रीने सांगितलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे आतूनच ठरलेलं.” बरोबर.

आता या नदीचं दुसरं टोक घ्या. राजमहेंद्रीजवळ, जिथे गोदावरी समुद्राला भेटायच्या बेतात असते, तिथेही दख्खनचा लाव्हा आहे. सह्याद्रीतल्या उद्रेकांचा लाव्हा जवळपास हजार किलोमीटर वाहत तिथवर गेला असं रासायनिक खुणांवरून मानलं जातं. आणि तो किनारा म्हणजे आपली अंटार्क्टिकापासून फाटलेली कड. सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत आपला पूर्व किनारा पूर्व अंटार्क्टिकाला चिकटलेला होता. पूर्व घाटातले खडक आणि तिथल्या एंडर्बी लँडच्या बाजूचे खडक एकाच पर्वतनिर्मितीच्या खुणा दाखवतात. महानदीच्या खोऱ्यातली दरी आणि अंटार्क्टिकातली लँबर्ट हिमनदी ज्या दरीतून वाहते ती, या दोन्ही एकाच भेगेचे तुकडे असावेत असं अनेक अभ्यासक मानतात. लहानपणापासून जिच्यात हात बुडवले ती नदी त्या कडेला जाऊन मिळते हे कळल्यापासून मला अंटार्क्टिका परका वाटत नाही.

त्या बाजूला आज काय आहे? बर्फ, जागोजागी तीन-चार किलोमीटर जाड. त्याच्याखाली गाम्बुर्त्सेव्ह नावाची एक आख्खी पर्वतरांग गाडली गेली आहे. १९५८ मध्ये सोव्हिएत मोहिमेला तिचा पत्ता लागला. तिचा एक सुळकाही बर्फाबाहेर डोकावत नाही. २००८-०९ मध्ये अनेक देशांच्या वैज्ञानिकांनी विमानांतून रडार आणि गुरुत्वमापक फिरवून तिचा नकाशा केला तेव्हा टोकदार शिखरं आणि नद्यांनी कोरलेल्या दऱ्या दिसल्या. म्हणजे बर्फ येण्याआधी तिथेही पाणी वाहत होतं, कुठल्या तरी दिशेला, तिथल्या जमिनीच्या कलानुसार. उगमाच्या कुंडापाशी बसून मी हे सांगत होते आणि भाची पहिल्यांदाच मोबाइल खिशात ठेवून ऐकत होती.

रविवार : सिन्नर, मग गंगापूर धरण

सिन्नरचं गारगोटी संग्रहालय बघून झालं. स्टिलबाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट, हिरवट अपोफिलाइट. लाव्हातल्या त्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत नंतर गरम पाणी खेळलं आणि हे सगळं वाढलं. सुंदर आहे, जाऊन बघाच. पण ही प्रावरणाची गोष्ट नाही, वर आल्यानंतरची आहे. प्रावरणाचा खरा तुकडा हवा तर कच्छमध्ये भूजच्या आसपासच्या ज्वालामुखी खडकांत शोधावा लागतो. शिलारस घाईने वर येताना वाटेतल्या प्रावरणाची ढेकळं उचलून आणतो, ऑलिव्हिन या खनिजामुळे ती हिरवी असतात. पश्चिम अंटार्क्टिकातल्या ज्वालामुखींनीही अशी हिरवी ढेकळं वर आणून ठेवली आहेत आणि बर्फाखालचं प्रावरण प्रत्यक्ष हातात घेण्याचा तेवढा एकच मार्ग आहे.

संध्याकाळी मामांनी गंगापूर धरणावर नेलं. पाणी चांगलं भरलेलं. बांधावर उभं राहून ते कोयनेबद्दल बोलले. जलाशय भरायला लागल्यावर तिथे धक्के सुरू झाले आणि ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केलं. पाण्याचं वजन आणि भेगांत शिरलेल्या पाण्याचा दाब, दोन्ही मिळून आधीच ताणलेल्या खडकाला निमित्त झाले. “शंभर मीटर पाण्याला जमीन एवढी जाणते,” मामा म्हणाले, “तुझ्या तिकडे तर किलोमीटरांत बर्फ.”

पाण्याचा तो खेळ वरच्या भूकवचातला. बर्फाचा भार खाली प्रावरणापर्यंत पोचतो. हिशेब सोपा आहे. बर्फाची घनता पाण्याहून थोडी कमी, प्रावरणाची पाण्याच्या ३.३ पट. तीन किलोमीटर बर्फ जमिनीवर बसला की खालचं प्रावरण बाजूला सरकतं आणि जमीन साधारण ८०० मीटर खाली दबते. बर्फ वितळला की प्रावरण परत येतं, जमीन वर उठते. स्वीडन-फिनलंडमधला बर्फ दहा हजार वर्षांपूर्वीच गेला, पण बॉथनियाच्या आखाताजवळची जमीन अजून वर्षाला जवळजवळ एक सेंटीमीटर उठते आहे. मळलेल्या कणकेत बोट दाबून काढावं आणि खळगा सावकाश भरून यावा तसं. कणीक घट्ट असेल तर वेळ लागतो, सैल असेल तर पटकन भरतो.

अंटार्क्टिकात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी आहेत, हेच मला सांगायचं आहे. सुमारे ३,५०० किलोमीटर लांबीची ट्रान्सअंटार्क्टिक पर्वतरांग खंडाला विभागते. तिच्या पूर्वेला प्राचीन, थंड, जाड शिलावरण, म्हणजे भूकवच आणि त्याखालचा प्रावरणाचा कडक थर मिळून, काही ठिकाणी २०० किलोमीटरांहून जाड. पश्चिमेला पातळ कवच आणि त्याखाली गरम, सैल प्रावरण. पाइन आयलंड आणि थ्वेट्स या हिमनद्या पश्चिमेला, अमुंडसेन समुद्राच्या काठी आहेत. तिथे बर्फातून डोकावणाऱ्या कातळांवर जीपीएस यंत्रं बसवली. २०१८ मध्ये निष्कर्ष आला, की एका ठिकाणी जमीन वर्षाला ४१ मिलिमीटर वेगाने उठते आहे. खालचं प्रावरण जगात सर्वसाधारणपणे धरतात त्याच्या शेकडो पट सैल आहे असा त्याचा अर्थ. हजारो वर्षांचं काम तिथे काही दशकांत, फार तर काही शतकांत होतं.

मामांनी लगेच इंजिनिअरचा प्रश्न विचारला. “उठते आहे तर बर्फाला टेका मिळेल की.”

मिळू शकतो. थ्वेट्सचा तळ समुद्रसपाटीच्या खाली आहे आणि आतल्या बाजूला अधिकाधिक खोल होत जातो. समुद्राचं कोमट पाणी कडेखाली शिरून ती सुटी करतं. जमीन झपाट्याने वर आली तर कड पुन्हा टेकू शकते, माघार मंदावू शकते. पण हे तापमान किती वाढतं त्यावर अवलंबून आहे. बर्फ जमिनीच्या उठावापेक्षा वेगाने गेला तर खालच्या खडकाला त्याला गाठता येणार नाही. आणखी एक गुंता आहे. किती बर्फ गेला हे उपग्रह गुरुत्वाकर्षणावरून मोजतात. २००२ ते २०१७ हे काम ग्रेस नावाच्या उपग्रहांच्या जोडीने केलं, २०१८ पासून तिची पुढची जोडी करते आहे. पण बर्फ गेल्याने गुरुत्व घटतं आणि त्याच जागी खालून प्रावरण आल्याने वाढतं. प्रावरणाचा हिशेब चुकला तर बर्फाचाही चुकतो. मुंबईच्या किनाऱ्यावर समुद्र किती चढेल याच्या आकड्यात या सैल प्रावरणाचा वाटा आहे, आणि आमच्या विषयाला वेळ व पैसा का द्यावा हे मला कुणी विचारलं तर मी हेच उत्तर देते.

सोमवार : बागलाण

सटाणा मागे टाकून ताहाराबादकडे. डाळिंबाच्या बागा, कांद्याची रोपं, आणि मध्येच काळ्या दगडांची एक उभी रांग शेतांच्या बांधांना न जुमानता सरळ गेलेली. डाइक. लाव्हा जमिनीवर पसरण्याआधी ज्या भेगेतून वर चढला, ती भेग भरून राहिलेली. आजूबाजूचा खडक झिजला, ही टिकली. इथून धुळे-नंदुरबारकडे अशा रांगाच रांगा आहेत, बहुतेक पूर्व-पश्चिमेच्या थोड्या कलत्या दिशेत. जमीन त्या काळी कुठल्या दिशेला ताणली जात होती ते त्या सांगतात.

डाइकवर बसून भाकरी-ठेचा खाल्ला. वाट वर चढणारी होती हे डोळ्यांना दिसत होतं. बर्फाखाली अशी वाट शोधायची तर कान लावावा लागतो. २०१० आणि २०११ मध्ये पश्चिम अंटार्क्टिकातल्या मेरी बर्ड लँडमध्ये बसवलेल्या यंत्रांनी छोट्या धक्क्यांचे दोन घोळके टिपले, २५ ते ४० किलोमीटर खोलीवर. कुठल्याही भूपट्टांच्या सीमेवर नाहीत, आणि धक्क्यांचा सूर संथ, शिलारस सरकताना असतो तसा. जवळच बर्फात राखेचा जुना थरही रडारला दिसला. वर किलोमीटरभर बर्फ, खाली कदाचित आज एखादी डाइक भरते आहे.

ती यंत्रं कशी टिकतात हे भाचीला हवं होतं. निफाडला पारा खाली गेला की पेपरात पहिल्या पानावर बातमी येते. रशियाच्या व्होस्तोक तळावर २१ जुलै १९८३ ला उणे ८९.२ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं. अशा मुलखात भूकंपमापक बर्फात खड्डा करून, उष्णतारोधक पेटीत ठेवतात. उन्हाळाभर सौर पॅनेल आणि ध्रुवीय रात्र सुरू झाली की लिथियम बॅटऱ्या. यंत्राजवळ हिवाळ्यात माणूस नसतो. पुढच्या उन्हाळ्यात विमान पोचेपर्यंत ते एकटं ऐकत राहतं. २००७-०८ च्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षापासून पोलनेट नावाच्या जाळ्याने अशी यंत्रं खंडाच्या आत दूरवर नेली, आणि आज प्रावरणाचे जे नकाशे आहेत ते त्यांच्यामुळे.

ऐकताना अडचण बर्फाचीच. लहर खालून येते, बर्फाच्या वरच्या पृष्ठावर आपटून परत जाते, खालच्या कातळावर आपटून पुन्हा वर येते. हे प्रतिध्वनी मोहोच्या, म्हणजे भूकवच जिथे संपतं त्या सीमेच्या, खुणेवर नेमके येऊन बसतात. माझा अर्धा वेळ बर्फाचा हा आवाज वेगळा काढण्यात जातो. उरतं ते मात्र बोलकं असतं. एस-लहरी, म्हणजे दुय्यम लहरी, गरम प्रावरणात मंदावतात. पश्चिमेच्या यंत्रांवर त्या उशिरा येतात, पूर्वेच्या यंत्रांवर लवकर. या उशिरा-लवकरमधूनच खोलीचा नकाशा विणला जातो.

साल्हेर त्या दिवशी लांबूनच पाहिला. उजेड कमी होता आणि मामांच्या गुडघ्यांना तो चढ नको होता.

मंगळवार : नाशिक, घरी

सकाळी मिसळ आणली आणि टेबलावर लॅपटॉप उघडला. अंटार्क्टिकातल्या अनेक भूकंपमापकांच्या नोंदी कुणालाही फुकट बघता येतात, हे भाचीला खरं वाटत नव्हतं. आम्ही दक्षिण ध्रुवाचं केंद्र निवडलं. तिथली यंत्रं वस्तीपासून आठ किलोमीटर दूर, बर्फात सुमारे ३०० मीटर खोल छिद्रांत बसवलेली आहेत, म्हणून फार शांत. पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांजवळचा एक भूकंप काढला. पी-लहर, म्हणजे सगळ्यांत आधी पोचणारी प्राथमिक लहर, सुमारे अकरा मिनिटांनी, एस-लहर साधारण वीस मिनिटांनी. दोन्ही खुणा तिने स्वतः शोधल्या.

मग तिने विचारलं, “आपल्या नाशिकला भूकंप झाला तर ध्रुवावर दिसेल?”

कागद घेतला. नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे दक्षिण ध्रुवापासून ११० अंश. पी-लहरीला सुमारे १०४ ते १४० अंशांच्या टप्प्यात गाभ्याची छाया लागते, म्हणजे मधे आलेला गाभा तिची वाट वळवतो. थेट पी-लहर ध्रुवावर पोचणारच नाही. गाभ्याच्या कडेने वळसा घालून आलेली क्षीण लहर, पृष्ठावर आपटून आलेल्या लहरी आणि पृष्ठलहरी तेवढ्या दिसतील. लातूरचं अंतर १०८ अंश, तेही छायेतच. भाचीचा चेहरा पडला.

“भारतीय केंद्रं बघ ना,” मामा म्हणाले. मैत्री शिर्माकर टापूत, भारती लार्समन टेकड्यांत. भारती २०१२ पासून चालू आहे, ७६ अंश पूर्व रेखांशावर. नाशिक ७३.८ वर. म्हणजे घराच्या गच्चीवरून जवळजवळ सरळ दक्षिणेला निघालं तर भारती. भाचीने कॅल्क्युलेटरवर कोन काढला. ८९.४ अंश, पृष्ठावरून पावणेदहा ते दहा हजार किलोमीटर. छायेबाहेर!

नव्वद अंशांच्या आसपास पी-लहरीला तेरा मिनिटं लागतात, आणि वाटेत ती अडीच हजार किलोमीटरांहून खोल, गाभ्यापासून थोडी अलीकडे जाऊन वर वळते. नाशिकच्या काळ्या पाषाणाखालून शिरायचं, जवळजवळ सगळं प्रावरण खालपर्यंत ओलांडायचं आणि एकेकाळी आपल्या किनाऱ्याला जोडलेल्या जमिनीत वर निघायचं. मैत्रीसाठी तिने पुन्हा गणित केलं, १०० अंश आले, काठावर पास. आता तिला प्रत्येक केंद्राचं अंतर काढायचं होतं. मामांनी मिसळीचा दुसरा रस्सा वाढला आणि अक्षांश-रेखांश ते वाचून दाखवू लागले.